डॉ. व्ही. दानशूर होते की पक्के दुकानदार?

वाटसरू
परवा गप्पांत कुणीतरी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला 'धर्मादाय दवाखाना' म्हटलं आणि मला ते खटकलं. ते उभारणारे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी, म्हणजे डॉ. व्ही., यांना दानशूर म्हणू नये असं माझं मत. देणाऱ्याची थैली रिकामी झाली की दान आटतं. या माणसाकडे थैलीच नव्हती. १९७६ साली वयाच्या ५८व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, कर्ज कुणी देईना, तेव्हा घर गहाण टाकून ११ खाटा मांडल्या. संधिवातानं बोटं वाकडी झालेली. त्याच बोटांनी त्यांनी आयुष्यात लाखभर शस्त्रक्रिया केल्या. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पैसे घ्यायचे, उरेल त्यात बाकीच्यांचं फुकट करायचं. कुठल्या रांगेत उभं राहायचं ते पेशंटनंच ठरवायचं, उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. मी याला चोख धंदा म्हणतो, आणि कौतुकानं म्हणतो.

खडूस काका
कौतुक पोचलं. पण धंदा म्हटला की गिऱ्हाईक आलं, आणि इथे ते दोन प्रकारचं आहे. पैसेवाल्याला खाट, फुकटवाल्याला जमिनीवर चटई. ऑपरेशनची टेबलं शेजारी शेजारी. एकावर काम चालू, दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार. इकडचं संपलं की डॉक्टर वळले तिकडे. मॅकडोनाल्ड्स सगळीकडे एकसारखा माल कसा देतं, हे आपल्याला डोळ्यांच्या बाबतीत करायचंय, असं डॉ. व्ही. स्वतः सांगायचे. डोळा आहे हो तो, बर्गर नव्हे.

नीलाक्षी
काका, सकाळी दिसायला लागणार असेल तर मी रात्रभर चटईवर झोपेन.

तिथला एकेक सर्जन वर्षाला दोनेक हजार मोतीबिंदू काढतो. रोज चालणारा हात बसतो. माझ्या आईच्या वेळी (शहराचं नाव नको, दवाखान्याचंही नको) डॉक्टर निम्मा वेळ फाइल शोधत होते. त्यापेक्षा डॉक्टरनं फक्त डॉक्टरचंच काम करावं हे बरं.

आणि माणसाकडे माणूस म्हणून बघितलं नाही म्हणता, तर शिबिरांचं ऐका. गावात डोळे तपासले, ऑपरेशन फुकट आहे म्हणून सांगितलं, तरी लोक येईनात. खोदून विचारल्यावर कळलं की फुकटचं ऑपरेशनसुद्धा परवडत नाही. बसभाडं, बाहेरचं जेवण, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. शिवाय भीती. मग संस्थेनं बस सोडली, जेवण दिलं, गावातल्यांना एकत्रच न्यायला आणि परत सोडायला सुरुवात केली. हे बर्गरवाल्याला सुचलं असतं का?

सुमनताई
तुम्ही सगळे डॉक्टरांभोवतीच फिरताय. पेशंटला टेबलावर घेणं, नजर तपासणं, नंबर काढणं, पट्टी बांधणं हे कोण करतं? खेड्यातून निवडून आणलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुली. दोन वर्षं शिकवतात आणि कामाला लावतात. सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. त्यांच्या जागी मोठ्या शहरातल्या नर्सचे पगार मांडा आणि मग 'चोख धंदा' किती चोख राहतो ते बघा. घरच्यांचंही तेच. बहीण डॉ. नाचियार, मेहुणे डॉ. नंपेरुमलसामी, दोघंही नेत्रतज्ज्ञ, बाहेर बख्खळ कमावू शकले असते. वाटसरू, दान झालंच आहे. पावती फाडली नाही एवढंच.

वाटसरू
ताई, घरच्यांचं मान्य. डॉ. व्ही. योगी अरविंदबाबूंचे भक्त, लग्न केलेलं नाही, त्यांनी सगळ्या खटल्याला त्यात ओढलं हे खरं. मुलींबद्दल मात्र मला तुमच्याइतकी खात्री नाही. गावात राहून त्यांना काय मिळालं असतं, हेही मांडा की.

सुमनताई
हे वाक्य प्रत्येक मालक म्हणतो.

खडूस काका
ताईंना माझी टाळी. अजून एक. 'गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच उपचार' हे सुरुवातीला खरं नव्हतं. ऐंशीच्या दशकात डोळ्यात बसवायचं भिंग परदेशातून यायचं, शंभर डॉलरच्या आसपास. ते मिळायचं पैसे भरणाऱ्यांना. फुकट रांगेतल्या बहुतेकांचं नुसतं मोतीबिंदू काढायचे आणि हातात बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचे. चष्मा फुटला की आजोबा पुन्हा आंधळे.

नीलाक्षी
म्हणून तर १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब काढली आणि भिंगं मदुराईतच बनवायला घेतली! किंमत दहा डॉलरच्या घरात आली, पुढे आणखी उतरली. तुम्ही दाखवलेली खोट त्यांना आधीच टोचत होती. नुसता दाता असता तर आणखी देणग्या मागून आणखी भिंगं विकत घेतली असती. यांनी भावच पाडला, आणि त्याचा फायदा मदुराईला कधी न गेलेल्या पेशंटलाही झाला. माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच, ११ खाटा नव्हेत. या मुद्द्यावर वाटसरूंशी शंभर टक्के सहमत.

जुना कारकून
उशिरा आलो, पण सरकारला कुणीच विचारात घेतलं नाही म्हणून लिहितो. डॉ. व्ही. निवृत्त झाले त्याच १९७६ साली केंद्राचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. संस्थांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांमागे अनुदान त्यातूनच मिळत आलंय. आणि हा माणूस घडला कुठे? मदुराईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. शिबिरं कशी भरवायची ते तिथेच शिकले, पद्मश्री मिळाली तीही १९७३ साली, सरकारी नोकरीत असताना. अरविंद तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

वाटसरू
मग सरकारी दवाखान्यात राहून हेच का जमलं नाही, ते सांगा.

जुना कारकून
५८ व्या वर्षी घरी पाठवलं म्हणून.