शब्दचर्चा : मॅकबेथ क्रूर की निष्ठुर?

प्रश्न
नाशिकला आमच्या हौशी मंडळाचं 'मॅकबेथ'चं नाट्यवाचन आहे. पत्रिकेतल्या पात्रपरिचयात मी 'क्रूरकर्मा राजा' लिहिलं, तर दिग्दर्शकांनी फुली मारली. म्हणाले, "हे कंसाला लाव." मग लिहू काय? निर्दय, निष्ठुर, खुनशी? शब्दकोशात तर प्रत्येकापुढे उरलेले दोन दिलेत!

प्रतिसाद
क्रूरकर्माच ठेवा हो. घरी मुक्कामाला आलेल्या म्हाताऱ्या राजाला झोपेत भोसकणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं?

प्रतिसाद
मला दिग्दर्शकांचं पटतं. क्रूर हा मुळातला स्वभाव. लांडगा क्रूर, पत्रिकेतला (तुमच्या नव्हे, जन्माच्या) शनीही क्रूर; त्यांना कोणी हेतू विचारत नाही. निष्ठुर मात्र माणूस होतो. 'मन निष्ठुर करून पोराला वसतिगृहात ठेवलं' असं आई म्हणते, 'मन क्रूर करून' असं कधी ऐकलंय?

पहिल्या अंकातला मॅकबेथ बघा. बायकोला धास्ती हीच, की याच्या स्वभावात माया फार. तो स्वतःही हिशेब मांडतो: डंकन नातलग, आपला राजा, त्यात घरचा पाहुणा, मारायला महत्त्वाकांक्षेखेरीज कारणच नाही. तरी मारतो. हे निष्ठुर होणं. त्याचा सोबती सरदार बँको, त्याच्या खुनालाही हेतू आहे, कारण चेटकिणींच्या भाकितानुसार गादी त्याच्या वंशाकडे जायचीय.

पण चौथा अंक? मॅकबेथच्या विरोधातला सरदार मॅकडफ इंग्लंडला निसटलाय. मागे फाइफच्या गढीत त्याची बायको नि पोरं. त्यांना मारून गादीला काडीचा फायदा नाही, आणि मारेकरी आईच्या डोळ्यांदेखत पोराला भोसकतात. तिथे 'निष्ठुर' थिटा पडतो. ही नुसती चरफड आहे, सापडेल त्याच्यावर काढलेली. तिथे 'क्रूर' म्हणा, माझी हरकत नाही.

प्रतिसाद
खुनशी तर मुळीच नको. त्याला मनात धरलेला जुना डूख लागतो. डंकनने उलट याला कॉडरची सरदारकी दिलेली! खुनशी शोभतो 'मृच्छकटिक'मधल्या शकाराला. वसंतसेनेने झिडकारलं म्हणून तिचा गळा दाबला आणि आळ घातला चारुदत्तावर. राजाचा नुसता मेहुणा, पण तोरा राजाच्या वरचा.

प्रतिसाद
'निर्दय' माणसापेक्षा कृत्याला बरा बसतो: निर्दयपणे मारलं, निर्दयपणे तोडलं.
जाता जाता, तात्यासाहेब शिरवाडकरांचं 'राजमुकुट' (१९५४) 'मॅकबेथ'वरूनच बेतलेलं. नाशिकच्या पत्रिकेत त्याची एक ओळ तरी हवी.

प्रश्नकर्ता
ओळ घालतो. आणि परिचय असा: 'राज्यलोभापायी निष्ठुर झालेला आणि पुढे क्रौर्याला कारणही न उरलेला राजा.' लांब होतंय का?

प्रतिसाद
होतंय. 'आणि'पासून 'उरलेला'पर्यंत कापा. ते वाचनात कळू द्या, नाहीतर श्रोते चौथ्या अंकापर्यंत थांबतील कशाला?