मदत हवी आहे: विंडोजवरून मॅकवर जाताना फ्लाइट लॉगबुक सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही, म्हणजे विंडोज ११ चा रस्ता बंद. नवं मशीन अ‍ॅपल सिलिकॉनचा मॅक आहे, फोन मात्र अँड्रॉइड. लॉगबुकचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो आणि डेटा एमडीबी फाइलमध्ये आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या अ‍ॅक्सेस डेटाबेसच्या.

आकडे असे: २,३४० नोंदी, एकूण १,८४२:१५ तास. सगळ्यात जुने तास कागदी लॉगबुकातले असून 'मागील पानावरून' म्हणून एकाच नोंदीत टाकलेले आहेत. काही नोंदींवर प्रशिक्षकांच्या डिजिटल सह्या आहेत.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? आणि डेटा हलवताना नेमकं कुठे फसतं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

फोन अँड्रॉइड आहे म्हटल्यावर अर्धी यादी आपोआपच गळते. लॉगटेन फक्त अ‍ॅपलच्या उपकरणांवर चालतं: मॅक, आयफोन, आयपॅड. फोरफ्लाइटचं लॉगबुक आयपॅड-आयफोनवर आणि ब्राउझरमध्ये. उरली तीन. सेफलॉग आणि क्रूलाउंज पायलटलॉग (आधीचं एमसीसी पायलटलॉग) ही दोन्ही विंडोज, मॅक, आयओएस आणि अँड्रॉइड अशी चारही ठिकाणी चालतात. तिसरं मायफ्लाइटबुक. ते मोफत आहे, सोर्स कोड खुला आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि दोन्ही प्रकारच्या फोनसाठी त्याची अ‍ॅप आहेत. उद्या लिनक्सवर गेलात तरी ब्राउझरवाल्याला फरक पडत नाही.

पण निवड करताना 'आयात कशी आहे' यापेक्षा 'निर्यात कशी आहे' हे आधी बघा. आयात सगळेच छान करून देतात, गिऱ्हाईक यायला हवं ना! चाचणीच्या मुदतीत दहा उड्डाणं घाला, त्यात एक मध्यरात्र ओलांडणारं, एक सिम्युलेटरचं आणि एक शेऱ्यात स्वल्पविराम असलेलं ठेवा. मग सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) काढून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. घातलेला प्रत्येक रकाना परत मिळाला तरच पैसे भरा. वर्गणी संपल्यावर निर्यातीचं बटण चालू राहतं का, हेही आधीच लेखी विचारून घ्या.

प्रतिसाद २

एवढा खटाटोप कशाला? मॅकवर पॅरलल्स (मॅकमध्येच विंडोज चालवणारा प्रोग्राम) टाका, त्यात विंडोज टाका, जुना प्रोग्राम तसाच चालवा.

प्रतिसाद ३

चालेल, पण जुना डेटा वाचण्यापुरतं. अ‍ॅपल सिलिकॉनवर बूट कॅम्प (मॅक थेट विंडोजमध्ये सुरू करण्याची सोय) नाही. पॅरलल्समध्ये येतं ते एआरएमचं (अ‍ॅपल सिलिकॉनच्या जातीच्या प्रोसेसरसाठीचं) विंडोज, आणि त्यात जुने इंटेलचे प्रोग्राम अनुवादाच्या थरातून चालतात. प्रोग्राम उघडतो, पण अ‍ॅक्सेसचा ड्रायव्हर ३२ बिट की ६४ बिट यावर गाडी अडते आणि 'डेटाबेस सापडत नाही' असा दिशाभूल करणारा संदेश येतो. शिवाय जुन्या प्रोग्रामचं लायसन्स मशीनला बांधलेलं असेल तर ते नव्या विंडोजमध्ये पुन्हा सक्रिय करावं लागतं, आणि सक्रिय करून देणारा कंपनीचा सर्व्हर तेव्हा चालू असेलच असं नाही. रोजच्या नोंदींसाठी हा उपाय धरू नका.

प्रतिसाद ४

सॉफ्टवेअर कोणतं हे नंतर ठरवा. जुना लॅपटॉप जिवंत आहे तोवर त्यावरून तीन गोष्टी काढून घ्या: पूर्ण लॉगबुकची पीडीएफ, सीएसव्ही (किंवा टॅब-विभक्त टेक्स्ट), आणि मूळ एमडीबी फाइलची प्रत.

सीएसव्ही प्रोग्रामच्या निर्यात मेनूतूनच काढा. मॅकवर एमडीबीटूल्स (एमडीबी फाइल वाचणारा प्रोग्राम) वापरून एमडीबीतली टेबलं थेट काढता येतात, पण तिथे उड्डाणांच्या टेबलात विमानाची नोंदणी नसते, नुसता विमानाचा अंतर्गत क्रमांक असतो. विमानांचं टेबल वेगळं, विमानतळांचं वेगळं, आणि ती जोडत बसावी लागतात. निर्यात बिघडली तरच त्या वाटेला जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. उघडून सेव्ह केलीत की पुढच्या गोष्टी गुपचूप होतात:

०३४५ ही ऑफ-ब्लॉक वेळ (विमान उभ्या जागेवरून हललं ती) ३४५ होते.

फ्लाइट नंबर ६ई२०३ असा असेल तर एक्सेल त्याला '६ गुणिले १० चा २०३ वा घात' समजतं आणि तसा आकडा करून टाकतं. गंमत म्हणजे ६ई४१२ तसाच राहतो, कारण एवढा मोठा आकडा एक्सेलला पेलवत नाही, मर्यादा ३०७ व्या घाताच्या आसपास आहे. म्हणून काही ओळी बिघडतात, काही नाही, आणि वरवर बघणाऱ्याला कळतच नाही.

तारखा दिवस/महिना/वर्ष अशा असतील आणि संगणकाची सेटिंग महिना/दिवस/वर्ष असेल, तर ०५/०८ ची अदलाबदल होते आणि २३/०८ मात्र मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहते. कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की समजा घोटाळा झाला.

उपाय सोपा आहे. एक्सेलमध्ये 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही आयात करा आणि प्रकार ओळखण्याची सोय बंद ठेवा. लिबरऑफिस फाइल उघडतानाच विचारतं, तिथे सगळे कॉलम निवडून 'टेक्स्ट' करा. एन्कोडिंग यूटीएफ-८. तारखा २०२४-०८-०५ अशा, वर्ष आधी. या मांडणीत गोंधळाला जागाच नाही.

एक्सेलच्याच जुन्या मॅक फाइल हाती आल्या तर आणखी एक खोड: त्यांत तारखांची मोजणी १९०४ पासून असू शकते, विंडोजवर १९०० पासून. अशा फाइलमधले सेल दुसऱ्या वहीत चिकटवले की तारीख बरोबर १,४६२ दिवसांनी, म्हणजे ४ वर्षं १ दिवसाने मागे जाते.

आयातीआधी विमानांची यादीही साफ करा. एकच विमान हायफनसकट आणि हायफनविना लिहिलेलं असेल तर नव्या ठिकाणी ती दोन विमानं होतात आणि प्रकारानुसार तास फुटतात. फोरफ्लाइटच्या साच्यात तर एकाच फाइलमध्ये आधी विमानांचं टेबल आणि खाली उड्डाणांचं टेबल भरावं लागतं. बाकीकडे एवढी सक्ती नसली तरी विमानं आधी, उड्डाणं नंतर हा क्रम पाळलेला बरा.

प्रश्नकर्ता

खूप आभार. पायलटलॉगच्या चाचणीत आयात करून पाहिली. नोंदी २,३४० च आल्या, पण तीन फरक दिसतात:

१. एकूण तास १,८३८:३६. म्हणजे ३:३९ कमी.
२. रात्रीचे तास वाढले. भर दुपारच्या काही उड्डाणांतही रात्र दाखवतं.
३. सह्या आल्याच नाहीत.

प्रतिसाद ४

पहिला फरक राऊंडिंगचा वाटतो. तुमच्या निर्यातीत वेळ तास:मिनिटं आहे की दशांशात, ते बघा. दशांशात एकच स्थान असेल तर १:२० चे १.३ होतात, आणि १.३ तास म्हणजे १:१८. प्रत्येक वेळी २ मिनिटं गेली. इतर उड्डाणांत कमी-जास्त एकमेकांना खातं, पण तोच १:२० चा सेक्टर ११० वेळा उडाला असाल तर २२० मिनिटं, म्हणजे ३:४०. तुमचा आकडा त्याच्या अगदी शेजारी आहे. निर्यात पुन्हा करा, तास:मिनिटं निवडून. आणि स्वतः बेरीज तपासाल तेव्हा शीटमध्ये तासांच्या अक्षराला चौकटी कंस घातलेला फॉरमॅट वापरा, नाहीतर २४ तास झाले की बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू झालेली दिसते.

प्रतिसाद ५

दुसऱ्याचं उत्तर: भर दुपारी रात्र दिसते म्हणजे स्थानिक वेळा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून घेतल्या गेल्यात. आयातीच्या पानावर वेळेचा प्रकार बदला. तेवढ्याने दुपारची रात्र जाईल.

तरीही थोडा फरक उरला तर तो व्याख्येचा. नवा प्रोग्राम विमानतळ आणि वेळ बघून रात्र स्वतः मोजतो, जुन्यात ती हाताने लिहिलेली होती. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक प्राधिकरणाच्या नियमांतच बघा: रात्रीचे तास मोजायचे ते संध्याकाळचा नागरी संधिप्रकाश संपल्यापासून सकाळचा सुरू होईपर्यंत. पण प्रवासी नेण्यासाठी लागणारी रात्रीची लँडिंग मोजायची ती सूर्यास्तानंतर १ तास ते सूर्योदयाआधी १ तास या वेळातली. एकाच नियमावलीत दोन रात्री! क्रॉस-कंट्रीचंही (एका विमानतळावरून दुसरीकडे जाणाऱ्या उड्डाणांचंही) तसंच, रेटिंगसाठी सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपलीकडे उतरणं लागतं, नुसत्या नोंदीसाठी लागत नाही. म्हणून आयात करताना 'आपोआप मोजा' बंदच ठेवा. जे लिहून सही झालंय ते आकडे जसेच्या तसे यायला हवेत. नव्या उड्डाणांपासून हवं तर चालू करा, पण तुमच्या प्राधिकरणाची व्याख्या निवडून.

सह्या सीएसव्हीत येत नाहीत, कुठल्याच प्रोग्रामच्या नाही. डिजिटल सही त्या प्रोग्राममधल्या त्या नोंदीला बांधलेली असते. सही असलेल्या नोंदींची पीडीएफ दोन ठिकाणी जपून ठेवा आणि नव्या नोंदीच्या शेऱ्यात 'सही जुन्या पीडीएफच्या पान अमुकवर' एवढं लिहा.

प्रश्नकर्ता

तास:मिनिटं निवडून पुन्हा काढलं, बेरीज १,८४२:१५ जुळली. दुपारची रात्रही गेली. राहिली 'मागील पानावरून'ची नोंद. ती उड्डाण म्हणूनच आलीय, आणि तारीख आयातीच्या दिवसाची पडलीय.

प्रतिसाद ५

ती तारीख लगेच बदला. त्या नोंदीत लँडिंगचे आकडे असतील तर प्रोग्राम ती सगळी आज झाली असं धरेल आणि ९० दिवसांची गणती (प्रवासी नेण्यासाठी तेवढ्यात पुरेशी लँडिंग झाली का, ही) खोटी हिरवी दाखवेल. पायलटलॉगमध्ये मागच्या अनुभवासाठी वेगळी सोय आहे, तिथे विमानाच्या प्रकारानुसार फोडून भरा: सिंगल इंजिन, मल्टी इंजिन, पीआयसी (मुख्य वैमानिक म्हणून), ड्युअल (प्रशिक्षकासोबत), रात्र, इन्स्ट्रुमेंट. मग उड्डाणांतली ती एक ओळ काढून टाका, नाहीतर तेच तास दोनदा धरले जातील. यानंतर नोंदी २,३३९ दिसतील, आणि बेरीज १,८४२:१५ च राहायला हवी.