१९२३ ची अदलाबदल : 'प्रश्न मिटला' म्हणणाऱ्यांसाठी

वाचनवेडी :
काल फाळणीच्या धाग्यावर 'सरळमार्गी' यांनी ठोकून दिलं : "ग्रीस-तुर्कस्तानने १९२३ ला माणसं अदलून बदलून घेतली, प्रश्न मिटला. आपण कच खाल्ली." त्यावर +१ चा पाऊस. रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, अदलाबदल कसली? अदलाबदलीचा लोझानचा (स्वित्झर्लंड) करार ३० जानेवारी १९२३ चा. त्याआधीच, सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्कस्तानातलं स्मर्ना (आजचं इझमीर) जळलं तेव्हा, तिथून ग्रीसला गेलेल्या बारा लाखांतले बहुतेक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती नेसत्या वस्त्रानिशी पळाले होते. कराराने त्यांची परतीची वाट तेवढी बंद केली. उलट दिशेला साडेतीन-चार लाख मुसलमान गेले. निकष धर्म, भाषा नव्हे. मध्य तुर्कस्तानातल्या कप्पादोकियातले ख्रिस्ती घरी तुर्की बोलायचे, तीच ग्रीक लिपीत लिहायचे. ते ठरले ग्रीक. क्रीट या ग्रीक बेटावरच्या मुसलमानांना ग्रीकच यायची, ते ठरले तुर्क. 'मायदेशी' पोचल्यावर ख्रिस्ती निर्वासितांना 'तुर्काची अवलाद' म्हणून शिव्या खाव्या लागल्या त्या वेगळ्याच.

सरळमार्गी :
ताई, रडकथा सगळ्यांकडे असतात. निकाल बघा. १९३० मध्ये ग्रीसचा पंतप्रधान व्हेनिझेलोस स्वतः अंकाराला जाऊन तुर्कस्तानच्या केमालशी मैत्रीचा करार करून आला. स्मर्नात सैन्य उतरवणारा हाच माणूस! आणि खुद्द बाबासाहेबांनी पाकिस्तानवरच्या पुस्तकात अदलाबदलीसाठी ग्रीस, तुर्कस्तान, बल्गेरियाचा दाखला दिलाय. आता त्यांनाही शिकवा.

वाचनवेडी :
बाबासाहेबांनी लिहिलं १९४० मध्ये. १९५५ तेव्हा घडायचं होतं. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान करारातून वगळले होते. ६ सप्टेंबर १९५५ च्या रात्री इस्तंबूलमधली ग्रीकांची दुकानं, चर्चं फोडली. १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना हाकललं. लाखभराची वस्ती आज दोन-तीन हजारांवर आलीय. पुढे १९७४ मध्ये तुर्की सैन्य सायप्रसमध्ये घुसलं. मिटला ना प्रश्न?

सरळमार्गी :
वा! जिथे माणसं वगळली, तिथेच भांडण उरलं. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात, आभारी आहे.

दर्यावर्दी :
अवांतर : बावीस वर्षं ग्रीक मालकांच्या जहाजांवर काढली. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात एकदा टर्किश कॉफी मागितली. म्हाताऱ्याने लांब दांड्याचं भांडं शेगडीवर आपटलं न् म्हणाला, "एलिनिको!" ग्रीक कॉफी म्हणायचं. १९७४ पर्यंत हेच लोक तिला टर्किश म्हणत होते. आणि त्या भांड्याचं नाव ब्रिकी, तेसुद्धा तुर्कीच.

भोचक :
कॉफी मूळची येमेनची. दोघांनी गप्प बसावं.

दर्यावर्दी :
येमेनवाले वेलची घालतात. ही निराळी. पूड पिठासारखी बारीक, साखर आधीच घालायची, आणि फेस मोडला तर ओतून द्यायची.

भोचक :
फेस बिस सगळं नाटक. आमच्या फिल्टर कॉफीपुढे गाळ आहे तो, अक्षरशः.

दर्यावर्दी :
प्यायलात कधी? की नुसतंच वाचून? असो. त्याच मालकांपैकी एकाने आमचा चार महिन्यांचा पगार बुडवला. जहाजमालकांना कर नफ्यावर नाही, टनावर. म्हणून तर ग्रीस कर्जात बुडाला!

वाचनवेडी :
काका, ग्रीस १८९३ मध्येही दिवाळखोर होता. सगळं तुमच्या मालकावर ढकलू नका. कॉफीसाठी वेगळा धागा काढा, हात जोडते.

कॅम्प नंबर ४ :
इतका वेळ नुसता वाचत होतो. 'रडकथा' वाचून डोकं फिरलं. मी उल्हासनगरचा सिंधी, मराठी शाळेत शिकलेला. दादी १९३१ ची, शिकारपूरची. तिच्या एका कागदावर जन्मगाव 'उल्हासनगर' लागलं. हे नाव पडलं १९४९ मध्ये! दुरुस्तीसाठी बाबा तीन वेळा गेले. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "राहू द्या ना, काय फरक पडतो?" दादीने तो कागद शेवटपर्यंत वापरला नाही, रेशन काकीच्या नावावर आणलं.

अथेन्समध्ये १९२२ ला निर्वासितांना नगर नाट्यगृहात ठेवलं होतं. प्रेक्षकांच्या एकेका बॉक्समध्ये एक कुटुंब, कठड्यावर कपडे वाळत. तो फोटो बघा सरळमार्गी, मग निकाल सांगा. आणि ताई, तुम्हीही आकड्यांतच अडकलात.

सरळमार्गी :
दादींबद्दल आदर आहे. 'रडकथा' शब्द मागे घेतो. मत मागे घेत नाही. दादी तिकडेच राहिल्या असत्या तर सुखात असत्या, असं म्हणायचंय का?

कॅम्प नंबर ४ :
असं मी कुठे म्हटलं? ती पण नाही म्हणायची. आणि आपलं ठरवायला कुणाला सांगितलं होतं, हेही विचारायची. सिंधीत, जरा कडक शब्दांत.

वाचनवेडी :
आकड्यांचं मान्य. नाइलाजाने.

भोचक :
दर्यावर्दीकाका, ते ब्रिकी पुण्यात कुठे मिळेल?