विद्यापीठातल्या जुन्या इमारती: पाडायच्या की सावरायच्या?

सळई: दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२चं, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९चं. म्हणजे कोकणातल्या संकुलांमधल्या पहिल्या आरसीसी (आत लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतींनी पस्तीस ते पन्नास पावसाळे काढले. माझं मत, पाडून नव्या बांधा. तेव्हा स्लॅबला १५ मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, चालायचा. आजचं काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला ४५ मिमी कव्हर आणि किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट मागतं. त्यात खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ आतच बसलंय, सळई गंजवत. वरून कितीही गिलावा करा.

चिरेबंदी: हे वयावरून ठरवलंत की तपासून? कोअर (काँक्रीटचा नळीसारखा नमुना) काढा, ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन शिंपडा. गुलाबी झालं तिथे सळईला गंजापासून वाचवणारी अल्कली शाबूत, रंग आला नाही तो थर कार्बोनेट झालेला, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली गेलेला. तो सळईपर्यंत पोचलाय का, हा खरा प्रश्न. आणि नुसत्या रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर ठोकून ताकद सांगणाऱ्या यंत्रावर) जाऊ नका, कार्बोनेट झालेला पृष्ठभाग कडक होतो आणि आकडा उगाच चांगला येतो.

शिवाय सगळं संकुल आरसीसीचं नसतं. जांभ्या चिऱ्याच्या, कौलारू, एकमजली इमारतींच्या भिंतींत सळईच नाही, गंजणार काय? त्यांचं वाटोळं केलं सिमेंटच्या गिलाव्याने. ओल आत कोंडते, मग पोपडे. गिलावा खरवडा, चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या दरजा चुन्याने भरा, वाळवी लागलेले वासे-रिपा बदला, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब काढा. झालं.

सळई: चिऱ्याचं मान्य. पण आरसीसीत ठिगळ लावलं की गंज शेजारी सरकतो. नव्या मसाल्यातली सळई सुरक्षित होते आणि लगतच्या खारट काँक्रीटमधली जोरात गंजू लागते. दोन पावसाळ्यांनी ठिगळाच्या कडेनेच भेग.

चिरेबंदी: कारण कंत्राटदार सळईच्या फक्त पुढचं काँक्रीट फोडतो. सळईमागे २०-२५ मिमी मोकळं करून, सँडब्लास्टने (वाळूच्या माऱ्याने) गंज काढून, कडेला सळईऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे अॅनोड बांधून पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर भरलं तर टिकतं. आधी टेकू, मग फोडाफोड. हा क्रम चुकला तर दुरुस्तीतच स्लॅब बसेल.

टेकू: दोघेही कॉलम विसरलात. भूकंपात कॉलम एकदम तुटू नयेत म्हणून सळ्या-रिंगा कशा बांधायच्या ते सांगणारं मानक, आयएस १३९२०, आलं १९९३ला. त्याआधी कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा लांब लांब, त्यांचे हूक ९० अंशांत. कोयनेचा भूकंपप्रवण भाग काही फार दूर नाही. प्रत्येक कॉलमला चारी बाजूंनी १०० मिमीचं जॅकेट, म्हणजे नव्या सळ्या-काँक्रीटचं वेष्टन, तेही पायापासून, म्हणजे तळमजल्याची फरशी उखडायची आणि प्रयोगशाळा रिकाम्या करायच्या. हाफ-सेलचा (सळई गंजतेय का हे विद्युतदाबावरून सांगणाऱ्या चाचणीचा) आकडा बहुतेक कॉलमांवर उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली असेल तर एवढा खटाटोप करू नये, पाडावं. दोन-चारच कॉलम असतील तर जॅकेट.

सळई: बरं, पण तपासणी पावसात नको. ओलं काँक्रीट दोन्ही यंत्रांना फसवतं: हाफ-सेल आणखी उणे दाखवतो, काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात त्यांचा वेग वाढून काँक्रीट आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं.

टेकू: म्हणून आकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या आणि टेंडर गणपतीआधी काढा. दिवाळीनंतर काढलं की काम सुरू व्हायला जानेवारी उजाडतो, आणि छप्पर उघडं असतानाच मृग लागतो.