शब्दचर्चा: ‘प्रिमॅच्युअर डीइंडस्ट्रियलायझेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

विकसनशील देशांवरचा एक लेख मराठीत आणतोय आणि शीर्षकातच अडकलोय. ही संज्ञा आधीपासून वापरात होती, पण अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक यांच्या २०१६ च्या निबंधानंतर ती सगळीकडे दिसू लागली. अर्थ असा: देश पुरेसा श्रीमंत होण्याआधीच रोजगारातला आणि उत्पन्नातला कारखान्यांचा वाटा घसरायला लागतो. मला तीन पर्याय सुचले: उद्योगांचा अकाली ऱ्हास, मुदतपूर्व विऔद्योगिकीकरण, अकाली निरुद्योगीकरण. यातला कोणता घ्यावा?

प्रतिसाद

‘ऱ्हास’ आधी बाजूला ठेवा. घसरतो तो वाटा. माल गेल्या वर्षीपेक्षा जास्त निघत असेल, पण बाकीची अर्थव्यवस्था त्याहून वेगाने वाढली, तर वाटा कमीच होणार. शिवाय ‘देशी उद्योगांचा ऱ्हास’ हे शब्द आपण इतिहासात वाचलेले असतात. एकोणिसाव्या शतकात गिरणीच्या कापडापुढे हातमाग हरले, ती गोष्ट वेगळी. वाचकाचं मन थेट तिकडे जाईल.

‘मुदतपूर्व’ही नको. मुदत कुणीतरी ठरवून दिलेली असते, ठेवीची, कराराची, विधानसभेची. इथे तशी तारीख नाही. ‘अकाली’ मात्र अगदी नेमका. साठीला केस पिकले तर कुणी काही म्हणत नाही. विशीत पिकले तर लोक अकाली म्हणतात. इथेही तसंच आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाआधी काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के लोक कारखानदारीत होते. दक्षिण कोरियात हा आकडा १९८९ मध्ये २८ टक्क्यांपर्यंत चढला आणि मग उतरू लागला. नंतर आलेल्या बऱ्याच देशांना तेवढंही चढता आलं नाही. उत्पन्न पाहिलं तर फरक आणखी बोचतो. रॉड्रिक यांच्या हिशेबात पश्चिम युरोपातल्या देशांचा उतार सुरू झाला तेव्हा तिथलं दरडोई उत्पन्न, १९९० च्या डॉलरच्या मोलाने, १४,००० च्या आसपास होतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या अनेक आफ्रिकी देशांत तो ७०० च्या आसपासच सुरू झाला. वीस पटींचं हे अंतर ‘अकाली’ या एका शब्दाला पेलायचं आहे, म्हणून तो गाळू नका.

‘वि’ हा उपसर्ग ‘विकेंद्रीकरणा’त उलटा अर्थ देतो आणि ‘विख्यात’मध्ये जास्तीचा. घाईत वाचणाऱ्याला ‘विऔद्योगिकीकरण’ म्हणजे विशेष औद्योगिकीकरण वाटू शकतं. उच्चारायलाही जड.

राहिलं ‘निरुद्योगीकरण’. त्यातल्या ‘करण’बद्दल मला शंका आहे. निर्जंतुकीकरण कुणीतरी करतं, बाष्पीभवन आपोआप होतं. मग इथे ‘निरुद्योगीभवन’ हवं का?

प्रतिसाद

‘करण’वर एवढं अडू नये. नागरीकरण कोण करतं? जागतिकीकरण कोण करतं? मराठीत ‘करण’ आता ‘होणं’ या अर्थानेही रुळलेलं आहे. आणि इथे कर्ता अजिबात नाही असंही नाही, तो फक्त दूर आहे. पुढारलेल्या देशातल्या कारखान्यात नवं यंत्र बसतं, माल स्वस्त होतो, तो भाव जगभर लागू होतो. लहान देशाला भाव ठरवता येत नाही, आहे तो स्वीकारावा लागतो. त्याने बाजार खुला केलेला असेल तर तिथला कारखाना त्या भावात टिकत नाही. यंत्र एका देशात बसतं आणि काम दुसऱ्या देशातलं जातं.

माझी हरकत ‘निरुद्योग’वर आहे, आणि ती मनापासून आहे. मराठीत निरुद्योगी म्हणजे रिकामटेकडा. आता ज्याच्याबद्दल आपण लिहितो आहोत तो माणूस जवळून बघा. शेती सोडून शहरात आलाय, शिक्षण बेताचं. पूर्वीच्या देशांत अशा माणसाला कारखान्याने आत घेतलं, महिन्या-दोन महिन्यांत यंत्र हाताळायला शिकवलं आणि शेतातल्यापेक्षा कितीतरी जास्त मोल त्याच्या हातून निर्माण झालं. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांनी १९६६ मध्ये कारखानदारीला वाढीचं इंजिन मानलं, त्यामागे हाही विचार होता. आज तो दरवाजा अर्धवट लोटलेला आहे. म्हणून हा माणूस सकाळी पार्सलं पोचवतो, दुपारी पदपथावर मोबाइलची कव्हरं विकतो, रात्री इमारतीच्या दाराशी खुर्ची टाकून पहारा देतो. उद्योग त्याच्यामागे ढीगभर आहेत, त्यातून मिळतं मात्र थोडं. त्याच्या वाट्याला आलेल्या अवस्थेला ‘निरुद्योग’ म्हणणं म्हणजे दोष त्याच्या माथी मारणं.

आणि ‘उद्योग’ तसाही नेमका नाही. पर्यटन उद्योग, चित्रपट उद्योग असं आपण सहज म्हणतो. ‘उत्पादन’ म्हटलं तर शेतीचंही आलं. इथे कारखान्यात माल घडवणं एवढाच अर्थ हवा आणि त्यासाठी ‘कारखानदारी’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. मजकुरात ‘कारखानदारीची अकाली घट’ लिहा आणि पहिल्या उल्लेखात ‘वाट्यातली’ जोडा.

प्रश्नकर्ता

‘कारखानदारी’ पटलं. पण शीर्षकात ‘घट’ फार कोरडं वाटतं. ‘ओहोटी’ कसं?

प्रतिसाद

ओहोटीनंतर भरती ठरलेली असते. हा भरवसा इथे कुणी द्यावा? त्यापेक्षा ‘उतरती कळा’ बघा. कळा म्हणजे कला, चंद्रबिंबाचा सोळावा भाग. म्हणजे मुळात हिशेब वाट्याचाच आहे, आणि तुमच्या लेखाचा विषयही वाटाच आहे. उतरती कळा लागते पौर्णिमेनंतर. या देशांत ती अष्टमीलाच लागली.

प्रश्नकर्ता

मग शीर्षक असं करतो: ‘पौर्णिमेआधीच उतरती कळा’. खाली लहान अक्षरात: ‘विकसनशील देशांतील कारखानदारीची अकाली घट’. ‘निरुद्योगीकरण’ मसुद्यात अकरा ठिकाणी होतं, सगळीकडून काढतोय.