फिटनेस बँड बांधावा की काढून ठेवावा?

प्रश्न : गणित शिक्षक, लातूर

नमस्कार. माझे वय ४९ असून मी लातुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. गेल्या दिवाळीला मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याने माझ्यासाठी मनगटावर बांधायचा फिटनेस बँड आणला. माझ्या वडिलांना ५८ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि माझा दिवस फळ्यासमोर उभे राहण्यात व उत्तरपत्रिकांवर वाकण्यात जातो, हे त्याला ठाऊक असल्याने त्या भेटीमागची काळजी मला समजली आणि मी बँड त्याच दिवशी बांधला.

सुरुवातीचे दोन महिने त्याचा फायदाच झाला, हे आधी सांगतो. पूर्वी गंजगोलाईत दुकानाच्या दारापर्यंत स्कूटर नेणारा मी ती लांब उभी करून पायी जाऊ लागलो, रात्रीच्या जेवणानंतर पत्नीबरोबर फेरी सुरू झाली आणि कंबरेचा पट्टा एक भोक आत आला.

त्यानंतर नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, पण ते कधी लक्षात आले ते सांगता येते. वेळ अमावास्येला आम्ही सगळे गावाकडच्या शेतात गेलो आणि बँड घरी चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. दिवसभर ज्वारीच्या ताटांतून हिंडलो, कोपीतल्या पूजेनंतर आंबील आणि भज्जी खाऊन पाहुण्यांबरोबर बांधाबांधाने बरेच फिरलो, आणि संध्याकाळी परतताना माझ्या मनात पहिला विचार असा आला की आजचे चालणे वाया गेले. हा विचार किती वेडगळ आहे हे मला तेव्हाही कळत होते, तरी तो गेला नाही.

आता रात्री साडेदहाला ८,६०० पावले दिसली की उरलेली १,४०० पुरी करायला मी गच्चीवर जातो. बारावीच्या परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून तीन तास वर्गात फेऱ्या मारल्या, तर बँडने त्यांतली जेमतेम निम्मी पावले धरली असावीत, आणि त्याचाही मला राग आला. झोपेचे तर विचारूच नका. सकाळी उठल्यावर मला बरे वाटत असते, मग अ‍ॅपमध्ये शंभरपैकी ५८ गुण दिसतात आणि तासाभरात डोके जड होते. आयुष्यभर मुलांना गुण देत आलो, आता माझाच निकाल रोज सकाळी लागतो. मागच्या आठवड्यात विश्रांतीच्या वेळची हृदयगती ६८ वरून ७४ दिसली आणि त्या रात्री वडील आठवून मला झोप लागली नाही.

बँड काढला तर मी पुन्हा पूर्वीसारखा बसून राहीन, अशी भीती वाटते. शिवाय माझी पावले मुलाच्या फोनवरही दिसतात, त्यामुळे ती थांबली की त्याचा फोन येणार. आपल्यापैकी कोणी या अवस्थेतून गेले असल्यास काय केले, ते कृपया लिहावे.

उत्तर : निवृत्त वैद्यकीय अधिकारी, परभणी

सर, पर्यवेक्षणाच्या कोड्यापासून सुरुवात करतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. आपण हात पाठीमागे बांधून फिरत होतात का? बँडला पाय दिसत नाहीत, त्याला फक्त मनगट कळते. त्यातला गतिसंवेदक हाताच्या झोक्याची लय ओळखून त्यावरून पावलांचा हिशेब मांडतो, त्यामुळे हात स्थिर ठेवून चालणाऱ्याची पावले बुडतात आणि भजनात तासभर टाळ वाजवणाऱ्याच्या खात्यावर बसल्या जागी पावले जमा होऊ शकतात.

नाडी मोजण्यासाठी बँडच्या पोटाला हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालच्या रक्ताचे प्रमाण कमीजास्त होत असल्याने परत येणारा प्रकाशही त्या लयीत बदलतो. शांत बसलेल्या माणसात ही मोजणी बऱ्यापैकी बरोबर येते, मात्र पट्टा सैल असला किंवा हात जोरात हलत असला की ती घसरते. कॅलरींचा आकडा याहून कितीतरी कच्चा असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये ७ उपकरणे तपासली, तेव्हा त्यांतील ६ उपकरणांची हृदयगतीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती, पण खर्च झालेल्या ऊर्जेचा अंदाज सर्वांत चांगल्या उपकरणाचाही सरासरी २७ टक्क्यांनी आणि सर्वांत वाईटाचा ९३ टक्क्यांनी चुकला. त्यामुळे जळालेल्या कॅलरी पाहून जेवताना एक पोळी वाढवणे किंवा कमी करणे यात काही अर्थ नाही.

आता झोप. प्रयोगशाळेत झोपेचे टप्पे ठरवताना मेंदूचे विद्युत तरंग, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण यांची नोंद घेतात. मनगटावरच्या पट्ट्याकडे यांपैकी काहीच नसते, तो आपली हालचाल आणि नाडी पाहून अनुमान करतो. म्हणून छताकडे पाहत निश्चल पडून राहिलेल्या माणसाला तो पुष्कळदा झोपलेला समजतो. शंभरपैकी गुण देण्याचे सूत्र तर प्रत्येक कंपनीचे आपापले असते आणि एकाच रात्रीला दोन कंपन्या वेगवेगळे गुण देऊ शकतात. परिपूर्ण झोपेचा आकडा गाठण्याच्या धडपडीतच झोप बिघडवून घेणारे रुग्ण अमेरिकेतील डॉक्टरांना आढळले आणि त्यांनी २०१७ मध्ये या प्रकाराला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले. उठल्यावर आपल्याला बरे वाटत असेल आणि तासिकेला डुलकी येत नसेल, तर आपल्या झोपेविषयी आपली साक्ष अधिक भरवशाची आहे.

ज्या १०,००० पावलांसाठी आपण गच्चीवर जाता, त्या आकड्याचा उगमही सांगितला पाहिजे. टोकियो येथे १९६४ मध्ये ऑलिंपिक झाल्यावर तिथे व्यायामाचे वारे होते, आणि १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने ‘मानपो-केई’ नावाचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होतो. म्हणजे आकडा विक्रीच्या निमित्ताने रूढ झाला आणि त्यावरचे संशोधन बऱ्याच वर्षांनी झाले. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचा मृत्युदर बराच कमी आढळला आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ वाढायचा थांबला. आपले वय वेगळे असल्याने हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका, पण ८,६०० पावलांनंतर झोपेची वेळ मोडून गच्चीवर जावे, असे सांगणारा वैद्यकीय आधार मला दिसत नाही.

६८ चे ७४ होणे ही रोजच्या चढउतारातली गोष्ट आहे. उशिरा जेवण, जागरण, बारीक ताप, पाणी कमी पिणे किंवा आपल्याकडचा उन्हाळा, यांपैकी कशानेही इतका फरक पडतो.

उत्तर : शिक्षिका, जिंतूर तालुका

सर, डॉक्टरसाहेबांनी हाताच्या झोक्याचे लिहिले आहे, त्याचा एक अनुभव आमच्या घरचा आहे. गेल्या पावसाळ्यात कापसाची खुरपणी चालू असताना मी गंमत म्हणून माझा बँड एक दिवस सासूबाईंच्या हाताला बांधला. सकाळी आठपासून उन्हे कलेपर्यंत त्या इतर बायकांबरोबर पातीला होत्या आणि येताना डोक्यावर गवताचा भारा एका हाताने धरून घरापर्यंत चालत आल्या. बँडने दिवसभराची २,९०० पावले दाखवली. शिवाय दुपारी एकदा थरथरून ‘बराच वेळ बसून आहात, आता उठा’ अशी सूचना दिली होती. ती मी त्यांना वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “ह्याला म्हणावं, एक पात धर माझ्यासंगं.”

त्या दिवसापासून माझी बँडविषयीची भीड चेपली. खुर्चीत बसणाऱ्या आणि मोकळे हात हलवत फिरायला जाणाऱ्या माणसाच्या हिशेबाने हे यंत्र बनवलेले आहे. मी शाळेत खुर्चीत बसते, म्हणून माझ्यापुरते ते उपयोगी आहे, आणि रविवारी शेतात जाताना मी ते काढून ठेवते.

आपण गणिताचे शिक्षक आहात, म्हणून एक प्रयोग सुचवते. दहा दिवस सकाळी अ‍ॅप उघडण्यापूर्वी स्वतःच्या झोपेला शंभरपैकी गुण द्या आणि वहीत लिहून ठेवा. त्याच दिवशी दुपारी चार वाजता अंगात किती उत्साह आहे, तेही लिहा. अ‍ॅपचे गुण दहा दिवसांनी एकदम उतरवून घ्या आणि चार वाजताच्या नोंदीशी कोणाचे गुण जास्त जुळतात ते पाहा. मी हा प्रयोग केला तेव्हा बँड हरला होता. आपला निकाल कदाचित वेगळा येईल.

उत्तर : बँक कर्मचारी, नांदेड

वरच्या दोन्ही उत्तरांचा सूर बँडच्या विरोधात गेला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. माझे वय ३६ आहे. दोन वर्षांपूर्वी माझी विश्रांतीच्या वेळची हृदयगती ७२ च्या आसपास असे. ती हळूहळू चढत गेली आणि सलग तीन आठवडे ९५ च्या वर राहिली. हातही थोडे थरथरत होते आणि वजन उतरत होते, पण वर्षअखेरीच्या कामामुळे असेल असे मी धरून चालले होते. आलेख दाखवल्यावर डॉक्टरांनी रक्ततपासणी सांगितली, त्यात थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा अधिक काम करीत असल्याचे निघाले आणि उपचार सुरू झाले. बँड नसता तर मी आणखी काही महिने कामालाच दोष देत बसले असते.

सरांच्या आणि माझ्या अनुभवात फरक इतकाच आहे की त्यांनी एका दिवसाचा आकडा पाहिला आणि माझ्यासमोर तीन आठवड्यांची चढण होती. मी अजूनही रोज बँड बांधते, मात्र अ‍ॅप रविवारीच उघडते. ‘ताण जास्त आहे’ ही सूचना मी पहिल्याच महिन्यात बंद केली, कारण ती ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून काढलेली असते. ग्राहकाशी वाद झाला, भरउन्हात चालत आले किंवा भाचीच्या लग्नात नाचले, तरी माझा बँड मला तेच सांगत होता.

उत्तर : कारखान्यातील अभियंता, वाळूज

आमच्या कंपनीत विभागवार पावलांची स्पर्धा ठेवली होती. तिसऱ्या आठवड्यात लोक चहाच्या सुट्टीत बसल्या जागी हात हलवू लागले आणि बक्षीस वाटल्यानंतर महिन्याभरात निम्मे बँड कपाटात गेले. वजन कमी होण्याच्या आशेने कोणी घेत असेल तर त्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेत ४७१ जणांवर दोन वर्षे चाललेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही गटांना होते, तरी उपकरण वापरणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलो उतरले आणि ते न वापरणाऱ्यांचे ५.९ किलो. सर, आपला पट्टा एक भोक आत आला तो आपण स्कूटर लांब लावलीत म्हणून आणि रात्रीच्या फेरीमुळे. त्यासाठी बँड लागत नाही.

उत्तर : निवृत्त वैद्यकीय अधिकारी, परभणी

नांदेडच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. दीर्घकाळ टिकलेला बदल आणि सोबत काही लक्षणे, असे असेल तर तो आकडा डॉक्टरांना जरूर दाखवावा.

सरांच्या वडिलांचा उल्लेख मागे राहून गेला होता, आणि खरी काळजी तीच आहे. काही घड्याळांना हृदयाच्या लयीतला विशिष्ट बिघाड ओळखता येतो. अमेरिकेत ४ लाख १९ हजार लोकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अनियमित नाडीची सूचना फक्त २,१६१ जणांना मिळाली होती. पण हा लयीचा प्रश्न झाला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचून अडथळा होत असेल, तर तो मनगटावरच्या बँडला कळत नाही. म्हणजे बँडवरचे आकडे चांगले दिसले म्हणून निर्धास्त होता येत नाही आणि वाईट दिसले म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. घरात ही पार्श्वभूमी असताना रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आपण शेवटचे कधी तपासले? छातीत दडपण, चालताना दम लागणे किंवा डाव्या हातात कळ असे काही जाणवले, तर अ‍ॅप उघडण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : गणित शिक्षक, लातूर (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. हात पाठीमागेच बांधले होते, हे डॉक्टरसाहेबांनी अचूक ओळखले.

दहा दिवसांचा प्रयोग पूर्ण केला. चार वाजताच्या नोंदीशी माझे गुण सात दिवस जवळपास जुळले आणि बँडचे तीन दिवस. ज्या दिवशी त्याने मला सर्वांत कमी म्हणजे ५१ गुण दिले, त्याच दिवशी मी सलग चार तासिका घेऊन ताजातवाना होतो. दहा नोंदींवरून निष्कर्ष काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो, तरीही रात्री बँड काढून ठेवायला एवढा पुरावा मला पुरला. ताणाची सूचना बंद केली आहे आणि लक्ष्य ७,५०० वर आणले आहे. गच्चीवर जाणे मात्र पूर्ण सुटलेले नाही, या आठवड्यात दोनदा गेलो.

मुलाला सगळे सांगितले. तो हसला आणि म्हणाला की त्याने माझी पावले पाहणे महिन्यापूर्वीच सोडले आहे.

कोलेस्टेरॉल तपासून सहा वर्षे झाली होती, हे डॉक्टरसाहेबांच्या प्रश्नामुळे जुनी फाईल काढल्यावर कळले. शनिवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला जाणार आहे.