फ्लोराईडची भीती: पेस्ट फेकायची की बोअर तपासायचा?

पैनगंगाकाठ
आमच्या फॅमिली ग्रुपवर सारखा एकच फॉरवर्ड येतोय, फ्लोराईड हे विष आहे, अमेरिकेत कोर्टानं सांगितलं, राज्यांनी बंदी घातली, तुम्हीपण आजच टूथपेस्ट बदला, आणि खाली मेलेल्या माशांचे फोटो. त्यातलं बंदीचं खरं आहे, मार्च 2025 मध्ये युटामध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराईड मिसळणं बंद करायचा कायदा झाला, पाठोपाठ फ्लोरिडात झाला. पण तिकडचं भांडण आहे ते दात किडू नयेत म्हणून मुद्दाम मिसळलेल्या फ्लोराईडवरून, लिटरला 0.7 मिलिग्रॅम. आपल्याकडे नळाच्या पाण्यात कोणीच फ्लोराईड घालत नाही! आपल्याकडे ते खडकातून उतरतं आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवट भाग इथल्या कित्येक बोअरना ते 1.5 च्या वर आहे. भारतीय मानक 1 चं आहे, दुसरं पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्या असं. केळापूरच्या बाजूच्या गावांत पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, म्हाताऱ्यांना उकिडवं बसता येत नाही, पाठीचा कणा लाकडासारखा ताठ होतो. ते कोणी फॉरवर्ड करत नाही. माझं म्हणणं एवढंच की पुण्या-मुंबईत बसून पेस्टला घाबरण्यापेक्षा आपल्या गावच्या बोअरचा रिपोर्ट मागा.

निरोगी_घर
सहमत नाही. तुम्ही दोन गोष्टी वेगळ्या करताय पण शरीराला कुठे कळतं की हे फ्लोराईड खडकातलं आणि हे ट्यूबमधलं? सगळं मिळून एकच डोस होतो. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामचा ऑगस्ट 2024 चा रिपोर्ट आहे, जास्त फ्लोराईड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध दिसतो असं त्यांनी लिहिलंय, आणि सप्टेंबरमध्ये फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशांनी पर्यावरण खात्याला यावर पाऊल उचला असं सांगितलं. हे व्हॉट्सॲपवरचं नाही, सरकारी आहे. मग आई म्हणून मी काळजी घेतली तर चुकलं कुठे? लहान मुलं पेस्ट थुंकत नाहीत, गोड लागते म्हणून गिळतात.

दातांची_डॉक्टर
ताई, काळजी घेताय ते बरोबरच आहे, पण रिपोर्टमधलं अर्धंच वाक्य तुम्ही घेतलंत. संबंध दिसतो तो लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वरच्या पाण्यासाठी, आणि तोसुद्धा मध्यम खात्रीनं. 0.7 ला काय होतं हे सांगायला पुरेसा पुरावा नाही असं त्याच रिपोर्टमध्ये आहे. आणि ते अभ्यास बघा कुठले आहेत, बरेचसे चीन, भारत असल्या देशांतल्या जमिनीतल्या पाण्याचे. म्हणजे तो रिपोर्ट खरा आपल्या केळापूर-किनवटच्या आयांनी वाचायचा आहे, धागाकर्ता हेच म्हणतोय.

पेस्टचं म्हणाल तर आपल्याकडे फ्लोराईडची 1000 पीपीएमची (दहा लाख भागांत हजार भाग) कमाल मर्यादा आहे. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि मोठ्या माणसानं समोर उभं राहून थुंकायला लावायचं. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात ती लहान मुलांना कधीच द्यायची नाही. मात्र गावच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असेल तर लहानग्यांना मी स्वतः बिनफ्लोराईडची पेस्ट सांगते. तिथे तुमचा डोसचा मुद्दा शंभर टक्के लागू आहे.

कॅल्गरीकर
आम्ही राहतो तिथे हा प्रयोगच झाला आहे. कॅनडातल्या कॅल्गरीनं 2011 ला पाण्यात फ्लोराईड घालणं थांबवलं, त्याच प्रांतातल्या एडमंटननं चालू ठेवलं. काही वर्षांनी दोन्हीकडच्या दुसरीतल्या मुलांचे दात तपासले तर इकडे साधारण 65 टक्के मुलांना कीड आणि तिकडे 55. मग 2021 मध्ये मतदान झालं, लोकांनी परत आणा म्हणून कौल दिला, 2025 ला परत सुरू झालं. त्यामुळे "जगभर सगळे बंद करतायत" हे काही खरं नाही.

निरोगी_घर
@कॅल्गरीकर पण युरोपात बहुतेक देश घालतच नाहीत, तिथे सगळ्यांचे दात किडलेत का? आणि हेही लक्षात घ्या की अमेरिकेत पाण्यात जे घालतात ते बहुतांशी फ्लोरोसिलिसिक ॲसिड असतं, फॉस्फेट खतांच्या कारखान्यांच्या धुरातून पकडलेलं. माझ्या पाण्यात काय घालायचं हे मला विचारल्याशिवाय ठरवू नये, हा साधा हक्काचा प्रश्न आहे आणि त्यावर मी मागे हटणार नाही.

वणीवाला
तुमचं कॅनडा-अमेरिका चालू द्या, पण आमच्या इकडचं कोणी ऐकन का? हँडपंपाले लाल रंग मारून जातात, पाणी पिऊ नका. मंग प्यायचं काय? उन्हाळ्यात विहिरी आटल्या का लाल पंपावरच रांग लागते, लेकरं-बाया सगळे तेच पितात. आमची माय म्हणते उकळून घेतलं म्हणजे झालं. मी किती सांगतो का माय उकळून जंतू मरतात, फ्लोराईड काई जात नाई, उलट पाणी आटते अन् ते घट्ट होते. पण गावात हे सांगाले कोणी येतच नाई. आमच्या शाळेच्या पंपाचा रिपोर्ट मी ग्रामपंचायतीत मागितला तं फाईल सापडत नाई म्हणे.

भूजल_अभ्यासक
@वणीवाला दादा, तुमच्या आईला हेही सांगा की कँडलचा फिल्टर आणि युव्हीवालं मशीन दोन्ही फ्लोराईड काढत नाहीत. लोकांचा पैसा तिथे फुकट जातो.

थोडं कारण सांगतो, कारण ते कळलं की उपाय कळतो. खडकात फ्लोराईडची खनिजं असतात, पाणी जितका जास्त काळ खडकाला धरून राहतं तितकं ते विरघळतं. उथळ विहिरीत दरवर्षी पावसाचं नवं पाणी येतं म्हणून तिथे बहुतेक वेळा फ्लोराईड कमी असतं. आपण विहिरी सोडल्या, तीनशे-चारशे फूट बोअर मारले आणि जुनं, खडकात मुरलेलं पाणी वर काढून प्यायला लागलो. दुसरं म्हणजे पाण्यात कॅल्शियम असेल तर ते फ्लोराईडला बांधून ठेवतं, आणि या बोअरच्या पाण्यात नेमकं कॅल्शियम कमी, सोडियम जास्त. म्हणून जिथे जुनी विहीर आहे तिथे ती उपसून, बाजूला पावसाचं पाणी मुरवून परत वापरात आणणं हा माझ्या मते सगळ्यात टिकाऊ रस्ता आहे.

तळेवाले
माशांचं कोणीच बोललं नाही. मी रोहू-कटला करतो, शेततळ्यात. त्या फॉरवर्डमधले मासे फ्लोराईडनं मेलेत हे मला पटत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला 1.3 मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराईड असतंच, मग बांगडा-सुरमई काय मरतात का? बोअरचं ताजं पाणी धो-धो सोडलं की मासे वर येऊन तोंड उघडतात ते ऑक्सिजन नसल्यानं, बोअरच्या पाण्यात तो बहुतेक वेळा फार कमी असतो. आणि घरच्या टाकीतले मासे नळाचं पाणी टाकल्यावर मरतात ते क्लोरीननं. पाणी आधी उघड्यावर ठेवा, हवा खेळवा, बघा फरक.

निरोगी_घर
समुद्राचं उदाहरण इथे लागू होत नाही. समुद्रात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं, ते माशांना वाचवतं. मऊ, म्हणजे हे क्षार कमी असलेल्या पाण्याच्या नदीत तसं नाही. अमेरिकेत कोलंबिया नदीवर जॉन डे धरणाजवळ ॲल्युमिनियमचा कारखाना होता, त्याच्या सांडपाण्यामुळे 1982 मध्ये तिथे फ्लोराईड फक्त 0.3 ते 0.5 होतं, तरी वर चढणारे सॅमन मासे धरणापाशी दीडशे तासांहून जास्त अडकून पडायचे. कारखान्यानं फ्लोराईड सोडणं कमी केलं आणि तो वेळ तीस तासांच्या आत आला. मासा लगेच मेला नाही म्हणजे त्याला काही झालं नाही असं समजू नका.

भूजल_अभ्यासक
हा मुद्दा दमदार आहे. माशाला 0.5 ला त्रास होऊ शकतो हे मऊ, थंड पाण्यातल्या सॅमन-ट्राउटबद्दल बरंच अभ्यासलं गेलंय. आणि @तळेवाले, वर मी म्हटलं तसं आपल्या फ्लोराईडवाल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम कमी असतं, म्हणजे समुद्रातल्या माशाला जे संरक्षण मिळतं ते तुमच्या रोहूला मिळेलच असं धरू नका. ऑक्सिजनचं तुमचं बरोबर, पण पाण्याची तपासणी करताना फ्लोराईड आणि हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) दोन्ही लिहून घ्या.

तळेवाले
ते करतो. पण फोटोवरून फ्लोराईडला दोष देणं मला अजून मान्य नाही.

गोंदियाची_सून
मला एक सांगा, सरळ आरओ लावला तर काय हरकत आहे? आम्ही लावला, चव बदलली, पण जीवाला शांतता.

वणीवाला
ताई, तुम्हाले परवडते. आमच्याकडं लाईट राहत नाई चार-चार तास, अन् अर्ध्याहून जास्त पाणी वाया जाते त्याच्यात. जिथं घागरीले रांग, तिथं पाणी नालीत सोडाचं?

दातांची_डॉक्टर
आरओ फ्लोराईड काढतो हे खरं, तुमच्या घरापुरतं ठीक. गावासाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं विकसित केलेली नळगोंडा पद्धत आहे, तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरलेल्या मापात घालायची, ढवळायचं, गाळ बसला की वरचं पाणी घ्यायचं. बादलीत घरीसुद्धा होते. अडचण एकच, माप चुकलं तर तुरटीतलं ॲल्युमिनियम पाण्यात राहतं, आणि रोज न कंटाळता कोणीतरी करायला लागतं, ते बहुतेक घरातल्या बाईवरच येतं. म्हणून मला वाटतं तेलंगणातल्या नळगोंड्यातच शेवटी जे झालं, कृष्णेचं पाणी नळानं गावोगाव नेलं, ते इकडेही व्हायला हवं. तोपर्यंत मुलांना दूध, तरोट्याची भाजी, आवळा, लिंबू द्या, कॅल्शियम आणि सी जीवनसत्त्व पोटात असेल तर नुकसान कमी होतं. काळं मीठ, सुपारी, दिवसभर कोरा चहा हे टाळा, त्यात फ्लोराईड असतं. दातांवर एकदा बसलेले पट्टे मात्र पाणी बदलून जात नाहीत, म्हणून पहिल्या आठ वर्षांत पाणी बदलणं महत्त्वाचं.

निरोगी_घर
पेस्टच्या बाबतीत मी माझं बदलत नाही, माझ्या घरात ती येणार नाही. पण माझं माहेर वरोऱ्याकडचं आहे आणि तिथला बोअर कोणी कधी तपासलाय असं मला आठवत नाही. नमुना कुठे द्यायचा?

भूजल_अभ्यासक
जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली घ्या, काचेची नको, पंप पाच मिनिटं चालू देऊन मग भरा आणि वर गाव, तारीख, बोअरची खोली लिहा. नुसतं पाणी चांगलं आहे का विचारू नका, फ्लोराईडचा आकडा लिहून मागा.

वणीवाला
@निरोगी_घर ताई, तुमचा आकडा आला का इथंच टाका. मी शाळेच्या पंपाची बाटली सोमवारी घेऊन जातो, या वेळी पोच घेतल्याशिवाय हलत नाई.